चपला बाहेर, व्हायरस आत

आमच्या शाळेत कॉम्प्युटर यायच्या आधी त्यांची खोली आली. जिन्याच्या टोकाची, एरवी नकाशे आणि मोडके बाक कोंबायची खोली रिकामी करून रंगवली, फरशीवर हिरवं मॅट अंथरलं, खिडकीत एसी बसवला आणि दाराबाहेर पाटी लागली : ‘चपला बाहेर काढून आत यावे.’ हेडसरांच्या ऑफिसात चपलांनिशी गेलेलं चालायचं, इथे नाही. वर्गातल्या एका चौकस मुलीने कारण विचारलं. सर म्हणाले, ‘‘पायाच्या धुळीतनं व्हायरस येतो.’’ आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. पंधरा दिवसांत चारांपैकी एका मशीनच्या पडद्यावर एक ठिपका टुणटुण उड्या मारायला लागला. कडेवर आपटायचा, तिरका परतायचा, अक्षरं ओलांडून जायचा. वर्गाला मौज वाटली. सरांनी मात्र सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं.

तो ‘पिंगपाँग’ नावाचा व्हायरस होता, इटलीत तुरीनच्या विद्यापीठात १९८८ मध्ये पहिल्यांदा सापडलेला. आमच्याकडे तो कोणाच्या तरी मामेभावाने दिलेल्या गेमच्या फ्लॉपीतून आला होता. ती फ्लॉपी आणणाऱ्याने हे कबूल केलं बऱ्याच वर्षांनी, चहा पिताना.

सरांना हसणं सोपं आहे. पण चूक त्यांची कमी आणि शब्दाची जास्त. एखाद्या गोष्टीला रोगाचं नाव दिलं की माणूस तिला रोगाचेच नियम लावणार : पाय धुवा, शिवू नका, औषध घ्या, झालं. घरच्या कॉम्प्युटरची राखण आपण गेली तीस-पस्तीस वर्षं ज्या पद्धतीने करत आलो, ती वाट या एका नावाने आखून दिलेली आहे, असं माझं मत आहे. पुढे एका वळणावर ती वाट चुकली, तेही नावामुळेच.

‘व्हायरस’ मूळचा लॅटिन. तिथे त्याचा अर्थ विष, आणि बुळबुळीत स्रावही. आपल्या ‘विष’ शब्दाचा तो चुलतभाऊ. दोघं एकाच आदिम इंडोयुरोपीय धातूतून आलेले. म्हणजे मराठीत ‘विषाणू’ हा प्रतिशब्द रुळला तेव्हा शब्द भाऊबंदांतच परतला. ‘लस’ या शब्दाची गंमत तर याहून मोठी. जखमेतून पाझरतं त्या पातळ पाण्यालाही आपण लसच म्हणतो. देवीच्या फोडातली लस घेऊन ती टोचायची, म्हणून रोग टाळणाऱ्या औषधाचंही नाव लस. लॅटिनमध्ये स्रावापासून रोगाचं नाव झालं आणि मराठीत स्रावापासून औषधाचं.

हे पुराण लावायचं कारण असं, की कॉम्प्युटरच्या दुनियेत आजारपणाची ही भाषा सुरुवातीला नव्हतीच. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो अर्पानेटवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा आणि पडद्यावर ‘मी क्रीपर, जमलं तर पकडा’ अशा अर्थाची ओळ उमटवायचा. त्याची पिल्लं घालणारी आवृत्ती रे टॉमलिन्सन यांनी केली (ईमेलच्या पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह आणणारे ते हेच) आणि त्याला हुडकून पुसून टाकणारा ‘रीपर’ही त्यांचाच. क्रीपर म्हणजे सरपटणारा, रीपर म्हणजे कापणी करणारा. रानातली नावं, दवाखान्यातलं एकही नाही. जगातला पहिला अँटीव्हायरस म्हणून आज ज्याचं नाव घेतात तो असा विळा घेऊन आला होता.

दवाखाना आला कादंबरीतून. डेव्हिड जेरॉल्ड यांच्या १९७२ च्या ‘व्हेन हार्ली वॉज वन’मध्ये मशीनमागून मशीन गाठत पसरणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘व्हायरस’ आहे, आणि त्याच्यावरच्या उताऱ्याचं ‘व्हॅक्सिन’. रोग आणि लस जोडीनेच जन्मले, तेही कागदावर. प्रत्यक्षात लोकांच्या मशीनांत पसरणारी पहिली चीज आली १९८२ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या पोराच्या खोडीतून. मित्रांना दिलेल्या फ्लॉप्यांत तो काहीबाही वात्रटपणा भरून द्यायचा, म्हणून त्याची फ्लॉपी कोणी हातात घेईना. तेव्हा त्याने अशी युक्ती केली की त्याचा हात न लागताही खोडी एका फ्लॉपीतून दुसरीत जावी. ॲपल टू मशीन पन्नासाव्यांदा चालू केलं की पडद्यावर त्याने रचलेली कविता झळकायची. नाव ‘एल्क क्लोनर’. पंधराव्या वर्षी कविता छापून आणण्याचे इतर मार्ग तेव्हाही अवघडच असणार.

शास्त्रात हे नाव दाखल केलं ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने, १९८३ च्या नोव्हेंबरात. नाव सुचवलं त्याचे मार्गदर्शक लेन एडलमन यांनी. बँकेचे व्यवहार ज्यावर विसंबतात त्या ‘आरएसए’ गुप्तलेखनातलं ‘ए’ हे अक्षर त्यांचं. कोहेनने विद्यापीठाच्या व्हॅक्स मशीनवर पाच प्रयोग केले. फाइलींची रचना चित्रात दाखवणाऱ्या एका साध्या, उपयोगी प्रोग्रामच्या पोटात त्याने आपला तुकडा दडवला आणि तो लोकांना वापरायला दिला. पाचही वेळा तासाच्या आत अख्ख्या यंत्रणेच्या किल्ल्या त्याच्या हाती होत्या. सर्वांत जलद वेळ पाच मिनिटांहून कमी. निकाल ऐकल्यावर मशीनच्या व्यवस्थापकांनी पुढच्या प्रयोगांना बंदी घातली. थर्मामीटर ताप दाखवतो म्हणून थर्मामीटरच फेकून द्यावा, तसं.

याच कोहेनने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पुढच्या सगळ्या कथेची ती गाठ आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. समजा, एक असा तपासनीस आहे की कुठलाही प्रोग्राम त्याच्यापुढे धरला तर तो ‘व्हायरस आहे’ किंवा ‘नाही’ हे अचूक सांगतो, कधीच चुकत नाही. आता मी एक खट्याळ प्रोग्राम लिहितो. तो आधी त्या तपासनीसालाच विचारतो, ‘‘मी व्हायरस आहे का हो?’’ तो ‘हो’ म्हणाला, तर माझा प्रोग्राम काहीच करत नाही, साधूसारखा गप्प बसतो. ‘नाही’ म्हणाला, तर लगेच पसरायला लागतो. तपासनीस काहीही बोलला तरी खोटा ठरला. म्हणजे न चुकणारा तपासनीस असूच शकत नाही. अँटीव्हायरसच्या पहिल्या डबीवर सील लागायच्या आधीच तो पुरा पडणार नाही, हे गणिताने सांगून ठेवलेलं होतं. डबीवर अर्थात तसं कोणी छापलं नाही.

घरोघरच्या पीसीला जो पहिला व्हायरस लागला तो आपल्या शेजारचा, लाहोरचा. जानेवारी १९८६. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे भाऊ ‘ब्रेन’ नावाचं कॉम्प्युटरचं दुकान चालवायचे. आपण लिहिलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून कॉप्या निघतात, त्या काढणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून हे केलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. व्हायरसच्या आत त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर सगळं घातलं होतं, आणि खाली सूचना : या व्हायरसपासून सावध राहा, लस टोचून घ्यायला आमच्याशी संपर्क साधा. तो पत्ता खराच होता. अमेरिकेतून लोक त्यांना फोन करायला लागले. २०११ मध्ये फिनलंडचे तज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन हातात ती जुनी फ्लॉपी घेऊन त्या पत्त्यावर गेले, तर दार उघडायला अल्वी बंधूच होते. रोग आणि लस एकाच दुकानात ठेवण्याचं असं प्रांजळ उदाहरण पुन्हा झालं नाही.

ब्रेनची करामत फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात होती. मशीन चालू होताना फ्लॉपीचा पहिला कप्पा, ५१२ बाइटचा बूट सेक्टर, सर्वांत आधी वाचला जातो. ब्रेन तिथे ठाण मांडायचा आणि मूळचा मजकूर दुसरीकडे हलवून त्या जागेवर ‘खराब’ असा शिक्का मारायचा, म्हणजे तिकडे कोणी फिरकत नसे. कोणी बूट सेक्टर उघडून पाहू लागलाच, तर त्याला तो हलवलेला, सोवळा मजकूर काढून दाखवायचा. पाहुणे आले की पसारा आतल्या खोलीत लोटून बाहेरची खोली दाखवावी, तसं.

याला पहिलं घरगुती औषध निघालं ते अगदी साधं होतं. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असायची. ती खाच बोटाच्या पेराएवढ्या काळ्या किंवा चंदेरी चिकटपट्टीने बुजवली की ड्राइव्हला त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. फक्त वाचता येई. नव्या फ्लॉप्यांच्या पाकिटात अशा पट्ट्यांचं पान सोबत मिळायचं. आमच्या सरांच्या पाकिटातलं पान शेवटपर्यंत कोरंच राहिलं; पट्ट्यांचा उपयोग वह्यांना नावं चिकटवायला झाला. चपला काढायला लावण्याऐवजी चार पट्ट्या लावल्या असत्या, तर तो ठिपका निदान फ्लॉपी-फ्लॉपीतून पसरत गेला नसता.

मग पुढची दहा वर्षं वैदूंची. जर्मनीत बर्न्ड फिक्स यांनी १९८७ मध्ये ‘व्हिएन्ना’ नावाचा व्हायरस फाइलींतून उपसून काढणारा प्रोग्राम लिहिला. त्याच सुमाराला ब्रेनची बातमी वाचून जॉन मॅकॅफी अमेरिकेत या धंद्यात उतरले. सगळ्यांची रीत एकच : पकडलेल्या व्हायरसच्या पोटातली काही बाइटची ओळखीची ओळ टिपून ठेवायची आणि मशीनमधली प्रत्येक फाइल उघडून ती ओळ शोधायची. याला म्हणतात सिग्नेचर. खरं तर ही डॉक्टरची नव्हे, पोलीस ठाण्याची पद्धत आहे. फळ्यावर लावलेले फोटो आणि बोटांचे ठसे. तरी शब्द मात्र सगळे इस्पितळाचे : स्कॅन, क्लीन, डिसइन्फेक्ट, क्वारंटाइन. हा शेवटचा शब्द इटालियन ‘चाळीस दिवसां’वरून आला, प्लेगच्या भीतीने जहाजं बंदराबाहेर तितके दिवस थांबवून ठेवत. आणि १८९७ च्या प्लेगात घराघरात शिरून झालेली तपासणी पुणेकरांच्या किती जिव्हारी लागली हे वेगळं सांगायला नको. पण त्याच पुण्यात शंभर वर्षांनी लोक पैसे मोजून स्वतःच्या घरात तपासनीस बसवून घेऊ लागले.

त्याचं निमित्त ‘मायकेलअँजेलो’. हा १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेला व्हायरस दर ६ मार्चला जागा व्हायचा आणि हार्ड डिस्कच्या सुरुवातीचे कप्पे खरडून टाकायचा. त्या चित्रकाराचा त्याच्याशी संबंध एवढाच की जन्मतारीख तीच; व्हायरसच्या आत त्याचं नावही नाही, कुणा अभ्यासकाने तारखेवरून बारसं केलं. १९९२ च्या मार्चआधी वर्तमानपत्रांनी आकांत मांडला, पन्नास लाख मशीनं बसणार असे आकडे छापून आले. प्रत्यक्षात बसली ती काही हजारांत. धंद्याची बोहनी मात्र जगभर झाली.

पुण्यात तेव्हा कैलास काटकर नावाचा, दहावीनंतर शाळा सोडलेला सातारा जिल्ह्यातला तरुण कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुकानात येणाऱ्या मशीनांत बिघाडाहून व्हायरसच जास्त निघायला लागले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. त्याने मायकेलअँजेलो काढणारा प्रोग्राम लिहिला, मग एकेका व्हायरसवर एकेक. गिऱ्हाइकाला ते दुरुस्तीबरोबर मिळायचे. त्या सुट्या मात्रांची मोट बांधून झाला ‘क्विक हील’. १९९५ मध्ये कंपनी नोंदली गेली, २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. नाव बघा : लवकर बरं करणारा. लाहोरचे दोन भाऊ आणि पुण्याचे दोन भाऊ, दोन्हीकडे दुकान कॉम्प्युटरचं आणि बोली वैद्याची.

आमच्या घरी पीसी आला २००३ मध्ये, असेंबल केलेला. कॉम्प्युटरवाल्या दादाने विंडोज टाकली, मराठी फॉन्ट टाकला आणि शेवटी ‘अँटीव्हायरस टाकून देतो’ म्हणाला. बाबांनी त्याचा खोका, आतली सीडी आणि किल्लीचा नंबर छापलेला कागद हे सगळं कपाटात विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवलं. संपण्याची तारीख कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली लिहिली जायची. मशीन रेंगाळलं की निदान ठरलेलं : ‘व्हायरस आलाय’. उपचारही ठरलेले, स्कॅन लावून जेवायला बसायचं, आणि तेवढ्याने नाही भागलं तर दादाला बोलावून ‘फॉरमॅट मारायचा’. फोटोंचा बॅकअप घेतलाय का, हे त्याला नेहमी फॉरमॅट मारल्यावर आठवायचं.

वाट चुकली ती इथेच. आमचा पीसी रेंगाळायचा, पण रोज स्कॅन ‘शून्य व्हायरस’ म्हणायचा, आणि ते खरंच होतं. ब्राउझरच्या माथ्यावर एकाखाली एक चार टूलबार जमले होते, उघडायचं एक पान तर उघडायचं दुसरंच. यांपैकी एकही आपणहून शिरला नव्हता. गाणी उतरवायचा फुकट प्रोग्राम घेताना प्रत्येक ठिकाणी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणत आम्हीच त्यांना पाट मांडला होता.

यांचं कूळच निराळं. ‘स्पायवेअर’ हा शब्द १९९५ मध्ये पहिल्यांदा दिसतो तो मायक्रोसॉफ्टच्या धंद्यावरच्या टवाळीत. पुढे चिमुकल्या कॅमेऱ्यांसारख्या हेरगिरीच्या वस्तूंनाही तो लावत. २००० मध्ये ‘झोन अलार्म’ या फायरवॉलच्या प्रसिद्धीपत्रकात ग्रेगर फ्रॉइंड यांनी तो आजच्या अर्थाने वापरला. त्याच वर्षी स्टीव्ह गिब्सन यांना स्वतःच्या मशीनमध्ये जाहिरातवाल्यांचा प्रोग्राम गुपचूप बसलेला सापडला. त्याला हुसकायला त्यांनी ‘ऑप्टआउट’ लिहिला. मग ‘ॲडअवेअर’, ‘स्पायबॉट’ अशी फुकट मिळणारी साधनं घरोघर गेली. नावं पाहिलीत? बरं करणारा, टोचणारा कोणी नाही. एक सावध राहणारा, दुसरा हुडकणारा.

व्हायरसला निदान ओळखायची एक खूण होती : तो न विचारता पसरतो. हेर पसरत नाही. तो काम करून देतो, गोड बोलतो. बॉन्झी बडी हा जांभळा गोरिल्ला पडद्यावर हिंडायचा, गाणी म्हणायचा, विनोद सांगायचा. लहान मुलांचा जीव त्याच्यावर. त्याच्या कंपनीला २००४ मध्ये अमेरिकेत ७५,००० डॉलर भरावे लागले, कारण आईबापांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा होत होती. असल्या प्रोग्रामना ‘स्पायवेअर’ म्हटलं की त्यांचे मालक वकिलाची नोटीस धाडायचे : गिऱ्हाइकाने अटी मान्य केल्यात, आम्ही हेर कसले? म्हणून अँटीव्हायरसवाल्यांनी एक सोज्ज्वळ नाव काढलं, ‘नकोसा असू शकेल असा प्रोग्राम’. असू शकेल! व्याही नाराज होऊ नयेत म्हणून स्थळ नाकारताना वापरतात, तसली ही भाषा. कोहेनचा तपासनीस इथे दुसऱ्यांदा हरला. मजकूर तोच, वागणं तेच, फरक फक्त घरमालकाच्या मनातल्या होकाराचा. आणि तो होकार बाइट मोजून कसा कळणार?

आपल्या कायद्याने ही गाठ वेगळ्याच टोकाने सोडवली. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचं, पोटात व्हायरस दडवलेलं प्रेमपत्र मनिलाहून निघून दिवसभरात जगभर पोचलं, तेव्हा फिलिपिन्सकडे त्यासाठी कायदाच नव्हता, लिहिणारा सुटला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी ऑक्टोबरात लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात ‘व्हायरस’ची व्याख्या आहेच, शिवाय एक दुसरा शब्द आहे, ‘कॉम्प्युटर कंटॅमिनंट’, म्हणजे विटाळ करणारा. दुसऱ्याच्या मशीनमधला मजकूर बिघडवणाऱ्या, टिपून घेणाऱ्या किंवा बाहेर पाठवणाऱ्या सूचना, असा त्याचा अर्थ. हेरही त्यात आला, पण आला विटाळाच्या नावाने. आमच्या सरांनी हे कलम वाचलं असतं तर पाटी आणखी मोठी केली असती.

२००५ नंतर पेन ड्राइव्ह आले आणि फ्लॉपीचा सगळा खेळ नव्याने मांडला गेला. सायबर कॅफेत प्रिंट काढायला गेलेला ड्राइव्ह परतताना ‘न्यू फोल्डर’ नावाचं फोल्डर घेऊन यायचा. दिसायला पिवळं फोल्डर, पण शेवटी तीन अक्षरं दडलेली : ईएक्सई. उघडलं की झालं. पेन ड्राइव्ह जोडताच आतलं आपोआप चालवणारी सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून मोडली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही बंद केली. तेवढ्या एका बदलाने कितीतरी वैदूंचं काम कमी झालं. राखण आता औषधाकडून उंबरठ्याकडे सरकत होती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची फायरवॉल आपसूक चालू झाली. त्याच डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘जायंट’ नावाची स्पायवेअर काढणारी कंपनी घेतली, तिच्यातून ‘डिफेंडर’ झाला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तोच अँटीव्हायरस म्हणून घराबरोबर मिळू लागला. खोका विकत आणायची गरज बहुतेक घरांना तेव्हाच संपली होती. आमच्याकडे तो आणखी चार वर्षं येत राहिला. कॅलेंडरवर नोंद होती ना.

विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये आणखी एक गोष्ट आणली. नवं काही बसवताना पडदा काळवंडतो आणि मधोमध एक चौकट विचारते : हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू पाहतोय, करू द्यायचा का? कोहेनच्या तपासनीसाला न सुटलेला प्रश्न शेवटी थेट घरमालकापुढे ठेवलेला.

परवा बाबांच्या मशीनवर ती चौकट आली तेव्हा मी मागे उभा होतो. त्यांनी क्षणभरही न थांबता ‘हो’ दाबलं.

‘‘काय विचारत होता तो?’’ मी म्हटलं.

‘‘काय माहीत,’’ चष्मा पुसत बाबा म्हणाले. ‘‘रोजच विचारतो.’’